डॉक्टर न झालेला मुलगा



फ्रान्सचे थोर संगीतकार हेक्टर बर्लिओझ यांचा जन्म ११ डिसेंबर १८०३ रोजी एका लहान गावी झाला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी १८२१ साली हेक्टरला पॅरिसला पाठविले. परंतु शवविच्छेदन पाहून तो खिडकीतून उडी मारून पळाला! पुढे संगीताचाच ध्यास लागला. वडिलांनी पैसे रोखले, तेव्हा एका नाट्यगृहात समूहगायक होऊन त्याने पोट भरले. त्याला पियानो वाजवता येत नव्हता. बासरी व गिटार येत असे. तरीही १८३० साली त्याची 'सिंफनी फँटास्टिक' पॅरिसमध्ये वाजली.

प्रसिद्ध व्हायोलिनवादक पॅगानिनी यांनी त्यांच्याकडून व्हायोलासाठी रचना मागितली होती. आपल्याला वाजवायला फार थोडे आहे म्हणून त्यांनी ती नाकारली. बर्लिओझनी काम सोडले नाही. 'हॅरॉल्ड इन इटली' पूर्ण केली. १६ डिसेंबर १८३८ रोजी तीच रचना ऐकून पॅगानिनींनी वादकांसमोर त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि नंतर वीस हजार फ्रँक पाठविले. त्यातून कर्ज फिटले व 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही मोठी सिंफनी तयार झाली.

८ मार्च १८६९ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, नकार मिळाला तरी हाती घेतलेले काम पुरे करा. पालकहो, मुलाचा कल वेळीच ओळखा. आणि समाजातील दात्यांनो, योग्य वेळी दिलेली मदत कधी वाया जात नाही.

— मुख्याध्यापक