विश्लेषण : भटारखान्याला शिस्त लावणारे एस्कॉफिए कोण होते?

मुंबईतील पंचतारांकित हॉटेलांच्या भटारखान्यात आजही ‘कॉमी’, ‘सू शेफ’ अशी पदे असतात. ही फ्रेंच पदनामे आणि त्यामागची कामाची उतरंड जगभर रुजली, त्याचे मोठे श्रेय ऑग्युस्त एस्कॉफिए (१८४६-१९३५) यांना जाते.

सुरुवात कशी झाली?

दक्षिण फ्रान्समधील व्हिलनव्ह-लूबे या गावी लोहाराच्या घरात जन्मलेल्या एस्कॉफिए यांना शिल्पकार व्हायचे होते. पण १३ व्या वर्षीच त्यांना नीस येथील काकांच्या रेस्तराँत कामाला धाडण्यात आले. असह्य उष्णता, शिवीगाळ, मारहाण आणि दारू हे तेव्हाच्या भटारखान्याचे चित्र होते. पुढे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी लष्करासाठी स्वयंपाक केला.

‘ब्रिगेड’ पद्धत काय आहे?

१८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा भटारखाना त्यांच्याकडे आला. हॉटेलचे व्यवस्थापक होते सेझार रिट्झ. पूर्वी प्रत्येक विभाग आपापला पदार्थ एकट्याने पूर्ण करी. त्यामुळे तेच काम दोनदा होई आणि वेळ जाई. एस्कॉफिए यांनी सॉस, भाजलेले मांस, मासे, भाज्या, गोड पदार्थ यांची जबाबदारी वेगवेगळ्या प्रमुखांवर सोपवली. अंडी, मेंढीचा गुर्दा आणि सॉस असा पदार्थ एका आचाऱ्याला पाऊण तास नव्हे, तरी पंधरा मिनिटे खाई. तिघांनी मिळून केल्यावर तो काही मिनिटांत तयार होऊ लागला.

कामगारांसाठी काय बदलले?

कामावर दारू बंद झाली. तहान भागवायला जवाचे पेय ठेवले गेले. ऑर्डर ओरडून सांगणाऱ्याला आवाज खाली ठेवण्याची ताकीद मिळाली. शिवीगाळीला मनाई झाली. भटारखान्याबाहेर नीटनेटके राहा, शिका, असा त्यांचा आग्रह असे.

मग सॅव्हॉय का सोडावे लागले?

मार्च १८९८ मध्ये रिट्झ आणि एस्कॉफिए या दोघांना बडतर्फ करण्यात आले. पुरवठादारांकडून दलाली घेतल्याची कबुली एस्कॉफिए यांनी नंतर लेखी दिली. प्रकरण मात्र दीर्घकाळ दडून राहिले. खालच्या प्रत्येक हाताला हिशेब होता, खरेदीची सूत्रे ज्याच्या हाती त्याच्यावर पुरेशी नजर नव्हती.

वारसा काय?

त्याच वर्षी पॅरिसमध्ये रिट्झ हॉटेल उघडले आणि १८९९ पासून लंडनच्या कार्लटन हॉटेलात एस्कॉफिए यांनी सुमारे दोन दशके काम केले. १९०३ मधील ‘ल गीद क्युलिनेर’ हा त्यांचा ग्रंथ आजही शेफच्या शिक्षणात संदर्भासाठी वापरला जातो. चांगली चव एका हातात असू शकते. रोज शेकडो ताटांत ती तशीच उतरवायची तर माणसांची नीट रचना लागते, हे त्यांनी दाखवून दिले. खरेदीच्या हिशेबावर दुसऱ्याची नजर हवी, हा धडा मात्र त्यांच्या चुकीने दिला.