लोककवी वामनदादा कर्डक

आपल्या विहारात बुद्धपौर्णिमा असो की भीमजयंती, वामनदादांचं गाणं झाल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. पण हा वामन कोण, कुठला, असं विचारलं तर कॉलेजात जाणारी आपली मुलंसुद्धा अडखळतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती हलाखीची. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत, कोळशाच्या वखारीत, मिळेल तिथं राबले. समता सैनिक दलात ते पोरांना लेझीम शिकवीत. असं सांगतात की, एकदा कुणी तरी विश्वासानं त्यांच्या हाती पत्र दिलं आणि वाचून दाखवा म्हणालं. दादांना अक्षर येत नव्हतं. ती लाज जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडे त्यांनी बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. १९४३ साली पहिलं गीत रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर!

तिथून पुढे साठ वर्षं हा माणूस खांद्याला झोळी लावून गावोगाव, वस्तीवस्तीत फिरला. ज्याच्या घरी मुक्काम, तिथली चटणी-भाकर गोड मानली. बाबासाहेबांचा विचार, बुद्धाचा धम्म, रोजंदारीवरच्या बाईचं दुःख, सगळं त्यांनी चालीत बसवलं. ज्या माउलीला सही करता येत नव्हती, तिलाही बावीस प्रतिज्ञांचा अर्थ या गाण्यांतून कळला. 'वाटचाल' (१९७३), 'मोहोळ' (१९७६), 'हे गीत वामनचे' (१९७७) हे संग्रह निघाले, पण हजारो गीतांपुढे ते थोडेच.

एवढं करून कवी म्हणून मान किती मिळाला? १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि दलित कवितेची दखल सर्वांना घ्यावी लागली. ती कविता मुक्तछंदातली, कागदावर वाचायची. दादांचं गीत ढोलकी-पेटीवर, मांडवात ऐकायचं. मराठीच्या पंडितांनी त्याला प्रचारगीत म्हणून बाजूला ठेवलं, त्याचं फारसं नवल नाही. पण आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लेखकांनीही बराच काळ या गीतांना साहित्याच्या पंगतीत पाट मांडला नाही. माझ्या मते खरी बोच ती आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना कधी मिळालं नाही. १९९३ साली वर्ध्याला पहिलं आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षपदी मात्र आपल्या माणसांनी दादांनाच बसवलं. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

१५ मे २००४ रोजी दादा गेले.

संतांप्रमाणे दादाही गीताच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफीत. ते शहाणपणाचंच म्हणायचं. कारण कॅसेटचा जमाना आला आणि गाणं गायकाच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. रचणारा कोण, हे कुणी विचारीना. पण 'वामन' एवढं नाव त्या कडव्यात टिकून राहिलं. आता कार्यक्रमाला उशीर होतो, पुढचे वक्ते ताटकळतात, मग गायक दोन कडव्यांवर गाणं आवरतं घेतात आणि नेमका वामनच गळतो. आपल्या गायन पार्टीतल्या मुलामुलींना विनंती आहे की, वेळ कमी असेल तर मधलं कडवं सोडा, शेवटचं म्हणा.