श्वास, नाडी आणि लॉरींचा हट्ट

वऱ्हाडचा कारभार 1903 पर्यंत हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चालत असे. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याच रेसिडेन्सीचे शल्यवैद्य म्हणून 1885 साली एडवर्ड लॉरी हैदराबादेस आले. भूलशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले; मात्र ज्या मतासाठी ते आयुष्यभर झगडले, ते मत टिकले नाही.

लॉरी यांचा जन्म 1846 सालचा. शिक्षण एडिंबरोत, तेथील नामवंत शल्यवैद्य साइम यांच्या तालमीत. त्याच नगरीत 1847 साली सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला होता. पण पुढच्याच वर्षी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी काही क्षणांत दगावली. तेव्हापासून प्रश्न उभा राहिला: क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय? साइम यांची शिकवण अशी, की भूल देणाऱ्याने केवळ श्वासावर लक्ष ठेवावे. लॉरींनी ती अखेरपर्यंत सोडली नाही.

1888 साली त्यांनी हैदराबादेत पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकाने निष्कर्षांविषयी शंका घेताच निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि 1889 साली डॉ. लॉडर ब्रंटन तपासणीसाठी आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष तोच निघाला: श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लॉरींच्या संस्थेत रूपाबाई फर्दुनजी यांनी वैद्यक शिकून भूल देण्याची विद्या संपादन केली. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते, हे श्रेयही विसरता येत नाही.

परंतु चूक प्रयोगांच्या संख्येत नव्हती, प्रश्नाच्या मांडणीत होती. अतिमात्रेने मरणारा प्राणी आधी श्वास सोडतो, हे खरेच. रुग्ण मात्र अनेकदा भुलीच्या प्रारंभी, अल्प मात्रेतच दगावत होते. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले, की अर्धवट भुलीत हृदयाचे कप्पे विस्कळीतपणे थरथरू लागतात व रक्ताभिसरण एकाएकी बंद पडते. लॉरी 1915 साली निवर्तले. आज भूलतज्ज्ञ श्वास व हृदय दोन्हींवर सतत नजर ठेवतो.

हा धडा यवतमाळला परका नाही. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले; कित्येकांचा श्वास यंत्रावर तोलून धरावा लागला. कोणते विष, किती वेळात श्वास कोंडला, कोणत्या उपचाराने रुग्ण वाचला, यांची काटेकोर नोंद येथील रुग्णांवरूनच झाली पाहिजे. दूरच्या प्रयोगशाळेतील निष्कर्ष खाटेवरच्या माणसाशी ताडून पाहिल्यावाचून ग्राह्य धरू नयेत. लॉरींपाशी द्रव्य होते, राजाश्रय होता, उद्योगही अपार होता. उणीव होती ती आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या मृत्यूंकडे पाहण्याची. संशोधनाची खरी कसोटी तेथेच लागते.