विश्लेषण : नशा उतरते, व्यसन का सुटत नाही? डॉ. अनिता अवचट यांनी शोधलेले उत्तर

नवी मुंबई पोलिसांनी २०२५च्या सुरुवातीला ‘नशामुक्त नवी मुंबई’ मोहीम हाती घेतली. साठे पकडले जातात, विक्रेते तुरुंगात जातात, त्याच्या बातम्याही होतात. पण महाविद्यालये आणि वसतिगृहांनी गजबजलेल्या नेरूळसारख्या भागात खरा पेच घराच्या आत असतो. नशा करणारा मुलगा पोलिसांच्या यादीत नसतो, तो शेजारच्या खोलीत असतो. त्याचे करायचे काय? महाराष्ट्रात या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न ४० वर्षांपूर्वी पुण्यात झाला. तो करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट १९९७मध्ये गेल्या. त्यांची पद्धत मात्र आजही वापरात आहे.

कोण होत्या डॉ. अनिता अवचट?

मराठी वाचकांना त्या ‘सुनंदा’ या नावाने अधिक परिचित आहेत, कारण पती डॉ. अनिल अवचट यांच्या लेखनात त्या याच नावाने भेटतात. दोघांनीही वैद्यकीय शिक्षण घेतले. अनिल अवचट यांनी दवाखाना सोडून लेखन आणि सामाजिक काम पत्करले. अनिता यांनी मानसोपचार निवडला आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी नोकरी केली. घर त्यांच्या पगारावर चालले. अवचटांच्या लेखनाचे कौतुक करताना ही बाब अनेकदा एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक ती पगाराची नोकरी नसती तर गावोगाव हिंडून लिहिलेले ते रिपोर्ताज लिहिले गेले असते का, हा प्रश्नच आहे.

येरवड्याचे मनोरुग्णालय अडीच हजार खाटांचे. नातेवाइकांनी आणून सोडलेले आणि पुन्हा न्यायला न आलेले रुग्ण अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहतात. आजार बरा झाला तरी माणूस घरी परतेलच असे नाही, हे तिथे काम करणाऱ्याला रोज दिसते. व्यसनमुक्तीच्या कामात घरच्यांना एवढे महत्त्व देणाऱ्या डॉक्टर याच रुग्णालयात घडल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गर्दचा प्रश्न पुढे कसा आला?

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पसरू लागले. बोलीभाषेत त्याला ‘गर्द’ म्हणत. चंदेरी कागदावर पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. सुई नको, वास नाही. त्यामुळे घरच्यांना पत्ता लागेपर्यंत मुलगा पुरता अडकलेला असे. दारूडा ओळखता येत होता, हे नवे होते. अमली पदार्थविरोधी कायदा देशात १९८५मध्ये आला, पण कायद्याने पुरवठ्याकडे पाहिले. उपचाराची सोय जवळपास नव्हतीच.

ओळखीच्या कुटुंबातला एक तरुण गर्दच्या आहारी गेला आणि हा विषय अवचटांच्या घरात आला. अनिता यांनी त्याच्यावर उपचार केले. अनिल अवचट यांनी विषयाचा माग काढत लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि केंद्र काढायचे असेल तर मदत करू, असे त्यांनी कळवले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. लेखमालेची आणि देणगीची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात उभे राहायचे होते ते अनिता यांना.

शरीर शांत झाले, मग अडते कुठे?

हेरॉइन थांबवल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो. अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, पोटात गोळे येतात, झोप उडते. व्यसनी मुले याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. दारूचे वेगळे. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

हा टप्पा औषधांनी पार पडतो. घरच्यांना वाटते, सुटला. मुलगा घरी येतो, खाऊ-पिऊ लागतो आणि महिन्याभरात पुन्हा त्याच कट्ट्यावर दिसतो. मग आळ येतो तो त्याच्या इच्छाशक्तीवर. इथे एक धोकाही असतो. काही आठवडे नशा बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्या मात्रेएवढेच हेरॉइन आता जीव घेऊ शकते.

अनिता यांच्या कामाचा गाभा इथे आहे. त्रास थांबवणे ही उपचाराची फक्त सुरुवात, खरे काम त्यानंतरचे, या समजुतीवर त्यांनी केंद्राची घडी बसवली.

३५ दिवसांत काय होते?

मुक्तांगणचा निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा. त्यातले पहिले काही दिवस शरीरासाठी, बाकीचे माणसासाठी. सकाळी उठणे, व्यायाम, केंद्रातली कामे वाटून घेणे, गटात बसून स्वतःबद्दल बोलणे, समुपदेशन. यात चमत्कार काहीच नाही. नशेत वर्षे घालवलेल्या माणसाचा दिवस मोडून पडलेला असतो, तो पुन्हा बांधायचा असतो.

त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय माणसे निवडण्याचा होता. बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. काल ज्याच्यावर घरचे पैसे सांभाळण्याइतकाही विश्वास नव्हता, त्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी सोपवायची, हे मनोरुग्णालयाच्या चौकटीत सहज पचणारे नव्हते. त्यातला कोणी घसरला असता तर बोट डॉक्टरांकडेच दाखवले गेले असते. त्यांनी तो धोका पत्करला. नव्याने आलेला मुलगा डॉक्टरला फसवू शकतो, पण त्याच वाटेने गेलेल्याला नाही, एवढा व्यवहार त्यामागे होता. बरे झालेल्यांनी नव्यांना आधार देण्याची कल्पना १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस चळवळीची. वैद्यकीय उपचार आणि मराठी घरांतली नाती यांच्याशी तिची सांगड घालणे हे इथले काम होते.

दुसरी जोड घरच्यांची. व्यसनी माणसाच्या बायकोला समाज दोन्हीकडून बोलतो. तिच्यामुळे पितो, किंवा तिला आवरता येत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट झाला तो याच कारणाने. तिथे त्यांना नवऱ्याला कसे सुधारायचे याआधी स्वतः कसे सावरायचे हे बोलता येऊ लागले. केंद्रातून घरी गेलेल्यांचा पाठपुरावा हाही उपचाराचाच भाग ठरला, आणि व्यसनमुक्तीची वर्षे वाढदिवसासारखी साजरी होऊ लागली. केंद्रातल्यांसाठी अनिता ‘मोठ्या मॅडम’ होत्या.

संशोधन याला दुजोरा देते का?

बऱ्याच अंशी. व्हिएतनाममध्ये असताना जवळपास प्रत्येक पाचवा अमेरिकी सैनिक हेरॉइनवर अवलंबून होता. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा मायदेशी पहिल्या वर्षात त्यांतले फार थोडे पुन्हा व्यसनात गेल्याचे आढळले. पदार्थ तोच, परिसर बदलला. उपचारानंतर मुलगा कुठे आणि कोणात परततो, याला इतके महत्त्व आहे.

२०००मध्ये अमेरिकेतील एका गाजलेल्या आढाव्याने अमली पदार्थांच्या व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दम्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के रुग्ण पुन्हा घसरतात; रक्तदाब आणि दम्याचे रुग्णही जवळपास तितकेच, किंबहुना थोडे अधिक, पुन्हा बिघडतात. रक्तदाब वाढला म्हणून कोणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही.

आपल्याजवळचा पुरावा गोव्यातला आहे. ‘संगथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याबरोबर समुपदेशनाच्या मोजक्या बैठका. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी विचारले तेव्हा आधीच्या १४ दिवसांत दारूला न शिवलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले. पदवी नसलेला पण तयार केलेला माणूस उपचार करू शकतो, हे येरवड्यात तोपर्यंत ३० वर्षे चालू होते.

अर्थात, मुक्तांगणमधून गेलेला प्रत्येक जण सुटला असे नाही. अनेक जण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आले. त्यांना पुन्हा दाखल करून घेणे हेही पद्धतीतच बसते.

त्यांच्यानंतर काय झाले?

अनिता यांना कर्करोग झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या. संस्था एका व्यक्तीच्या करिष्म्यावर उभी असेल तर त्या व्यक्तीबरोबर ती संपते. मुक्तांगणचे तसे झाले नाही. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्र शिकून काम हाती घेतले. संस्था पुढे येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेली. २००९मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. अनिल अवचट २०२२मध्ये गेले.

गरज मात्र कितीतरी मोठी आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचे आढळले, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक.

नेरूळमधल्या पालकांसाठी पुण्याला जाणे ही पहिली पायरी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात सुरुवात करता येते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. मुलगा यायला तयार नसेल तरी आई-वडिलांनी आधी एकटे जाऊन समुपदेशकाशी बोलायला हरकत नाही.