मंडणगडचे आंबेडकर आणि पुराच्या पाण्याचे नियोजन

मंडणगड तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत इथल्या अनेक वाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. कारण सरळ आहे. वर जांभ्याचा सडा, खाली तीव्र उतार आणि हाकेच्या अंतरावर समुद्र. सड्यावर पडलेले पाणी वहाळातून नदीत आणि नदीतून खाडीत जायला फार वेळ लागत नाही.

याच तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. राज्यघटनेचे शिल्पकार, अर्थतज्ज्ञ आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचे नेते म्हणून त्यांना सगळे ओळखतात. मात्र पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवायचे कसे आणि त्यासाठी संपूर्ण नदीखोऱ्याचा एकत्र विचार का करायचा, या प्रश्नावरही त्यांनी चार वर्षे काम केले. देशातल्या मोठ्या नदीखोरे प्रकल्पांची सुरुवात त्याच काळातली आहे.

आंबडवे, दापोली, सातारा

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे नाव रूढ झाले. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ मंडणगडला लागून असलेल्या दापोलीत राहिले आणि नंतर साताऱ्याला गेले.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. 1901 च्या सुमारास वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल म्हणून नोकरीला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवान त्यांना न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, पण रात्रभर पाणी कोणी दिले नाही. डब्यात जेवण होते, तरी पाण्याअभावी मुले उपाशी झोपली.

ज्या तलावाच्या कामावर वडील हिशेब ठेवत होते, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर मुलांना घोटभर पाणी मिळाले नाही. पाणी साठवणे आणि साठवलेले पाणी सर्वांना मिळणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाबासाहेबांच्या पुढच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न आले.

महाडचे तळे आणि कोकणातली खोती

न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब 1923 मध्ये मुंबईत परतले. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तिथे कोणी पाणी भरू देत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सुरू झालेला न्यायालयीन वाद दहा वर्षे चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाड सावित्री नदीच्या काठी वसले आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री महाडवरून वाहत येते आणि मंडणगड तालुक्यातील बाणकोटजवळ समुद्राला मिळते. म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या सीमेवरून महाडचे पाणी समुद्रात जाते.

1937 मध्येच, 17 सप्टेंबरला, त्यांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीचा सारा खोतांमार्फत गोळा होई. कसणाऱ्या कुळाला जमिनीची शाश्वती नसे. वरवर पाहता याचा पावसाच्या पाण्याशी संबंध दिसत नाही. पण उतारावरच्या शेतात बांध घालणे, ताल दुरुस्त करणे, पाणी मुरवणे ही कामे वर्षानुवर्षांची असतात. पुढच्या हंगामात जमीन आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसेल, तर माणूस त्यात श्रम का घालील? ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा मुंबई प्रांतात 1949 मध्ये झाला.

मजूर खात्याकडे पाणी कसे आले?

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या वेळी मजूर खात्याकडे कामगारांच्या प्रश्नांबरोबर सार्वजनिक बांधकाम, सिंचन आणि वीज हे विषयही होते. कायद्याने मात्र पाणी हा प्रांतांचा विषय होता. प्रत्येक प्रांत आपल्या हद्दीपुरता विचार करी. नदी हद्द पाळत नाही, त्यामुळे वरच्या प्रांतात पडलेल्या पावसाचा पूर खालच्या प्रांताला भोगावा लागे.

जुलै 1943 मध्ये याचा मोठा फटका बसला. छोटा नागपूरच्या पठारावरून येणाऱ्या दामोदर नदीचा बंगालमध्ये बांध फुटला. रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड तुटले, कोलकात्याचा उत्तरेशी संपर्क खंडित झाला. महायुद्ध सुरू होते आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ होता. बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्यात भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहाही होते. अमेरिकेत 1933 पासून टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी अनेक राज्यांचा मिळून एकच प्राधिकार काम करत होता. दामोदरसाठीही तशीच यंत्रणा हवी, असा विचार या समितीने पुढे आणला.

केंद्रात हे काम मजूर खात्याने उचलले. टेनेसीच्या प्रकल्पावर काम केलेले अभियंता व्हूरडुइन यांनी ऑगस्ट 1944 मध्ये दामोदर खोऱ्याचा प्राथमिक आराखडा दिला. त्यात आठ धरणे सुचवलेली होती. सेकंदाला दहा लाख घनफूट इतका मोठा पूर आला तरी तो सांभाळता यावा, असा हिशेब होता. त्याच धरणांतून शेतीला पाणी आणि कारखान्यांना वीजही मिळणार होती.

अडचण पैशांपेक्षा सहमतीची होती. धरणे आणि बुडणारी जमीन बिहारात, तर पुरापासून सुटका मुख्यतः बंगालची. 1945 मध्ये जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कोलकात्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या परिषदा बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक या सगळ्यांसाठी एकच योजना आणि ती राबवणारी एकच संस्था, या मुद्द्यावर त्यांनी प्रांतांना एकत्र आणले.

कटकमध्ये मांडलेला विचार

8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांबाबत परिषद झाली. महानदीच्या पुराने तो प्रांत वारंवार उद्ध्वस्त होत असे. त्याआधीच्या समित्यांनी पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात कसे घालवता येईल यावर भर दिला होता. बाबासाहेबांनी ही दिशाच चुकीची असल्याचे सांगितले. जास्त पाणी हे संकट मानून ते घालवण्याच्या मागे लागू नये, पाण्याच्या विपुलतेपेक्षा त्याच्या टंचाईने माणसाचे अधिक नुकसान होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पावसाळ्यात येणारे पाणी धरणात साठवले, तर पूरही आटोक्यात राहतो आणि उरलेले आठ महिने ते पाणी वापरता येते.

नुसते काठाचे बांध का पुरत नाहीत, हेही समजून घ्यायला हवे. बांधामुळे नदी अरुंद पात्रात कोंडली जाते, गाळ पात्रातच साचतो आणि तळ वर येत जातो. मग बांध आणखी उंच करावा लागतो. तो फुटला की आधीपेक्षा मोठी हानी होते.

1945 मध्येच मजूर खात्याच्या प्रयत्नातून केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. अभियंता अयोध्यानाथ खोसला त्याचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मजूर खाते सोडले. 7 जुलै 1948 रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. महानदीवरचे हिराकूड धरण 1957 मध्ये पूर्ण झाले, पण ते पाहायला बाबासाहेब नव्हते. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले होते.

दरम्यान ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना तयार झालेल्या घटनेतही या अनुभवाशी जुळणाऱ्या तरतुदी आल्या. पाणी राज्यांच्या यादीत राहिले, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन सार्वजनिक हितासाठी केंद्राला करता येईल अशी नोंद संघसूचीत झाली. राज्यांमधील पाणीतंटे सोडवण्यासाठी कलम 262 आहे.

योजना आणि प्रत्यक्ष

दामोदरवर महामंडळाने आठऐवजी चारच मोठी धरणे बांधली. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही ती धरणे. पूर साठवण्याची क्षमता मूळ हिशेबापेक्षा बरीच कमी राहिली. 1978 मध्ये बंगालच्या खालच्या भागात पुन्हा मोठा पूर आला. धरणांसाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. हिराकूडमध्ये शेकडो गावे बाधित झाली. विस्थापितांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि अनेकांचे पुनर्वसन नीट झाले नाही. पाणी साठवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, पण त्याची किंमत कोणी मोजायची आणि लाभ कोणाला, हा दुसरा प्रश्न तसाच राहिला.

सावित्रीच्या खोऱ्यात हा विचार

कोकणात दामोदरसारखी धरणे बांधावीत असा याचा अर्थ नाही. कोकणच्या नद्या आखूड आहेत, उतार मोठा आहे आणि सपाट जमीन थोडी. इथे पाणी अनेक लहान जागी अडवावे लागते. डोंगरमाथ्यावर समतल चर, वहाळांवर दगडी आणि वनराई बंधारे, खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, शेततळी, असा माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा क्रम लागतो. वरचे काम न करता खालचा बंधारा बांधला, तर तो दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

पण खोऱ्याचा एकत्र विचार करण्याचे तत्त्व इथेही लागू पडते. सावित्री साताऱ्यात उगम पावते, रायगडमधून वाहते आणि तिच्या मुखाचा दक्षिण काठ रत्नागिरीत आहे. तीन जिल्हे, तीन प्रशासने, नदी एक. 2005 आणि 2021 च्या जुलैमध्ये महाड पाण्याखाली गेले. डोंगरावरचा मुसळधार पाऊस, पात्रातला गाळ आणि खाडीतली भरती या गोष्टी एकाच वेळी जुळल्या की पाणी शहरात शिरते. यांपैकी एकाही कारणावर महाड नगरपालिकेला एकटीने उपाय करता येत नाही. आणि तेच पाणी समुद्रात गेल्यावर काही महिन्यांनी मंडणगडमधल्या वाड्या टँकरवर अवलंबून असतात.

एका खोऱ्यात किती पाऊस पडतो, तो कुठे अडवता येईल, कुणाची जमीन त्यात जाईल आणि साठलेले पाणी कोणत्या वाडीपर्यंत पोहोचेल, हे प्रश्न एकाच टेबलावर मांडावे लागतात. 1945 मध्ये दोन प्रांतांना त्या टेबलाशी बसवण्याचे काम मूळच्या आंबडव्याच्या माणसाने केले होते. सावित्रीसाठी तर एकाच राज्यातल्या तीन जिल्ह्यांना एकत्र बसायचे आहे.