फ्लेमिंग यांचा विस्मृतीत गेलेला इशारा

ताथवड्यातील एखाद्या घरात घसा दुखू लागला की मागील आजारातून उरलेली कॅप्सूल शोधली जाते आणि रंग ओळखीचा वाटला की ती घेतलीही जाते. वस्तुतः रंग ही औषधाची ओळख नव्हे; एकाच रंगाच्या आवरणात निरनिराळी औषधे असू शकतात. वेष्टनावरील मूळ नाव, मिलिग्रॅममधील प्रमाण आणि मुदत हीच त्याची ओळख होय. त्याचा उपयोग कोठे करावा, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. या अविचाराचा धोका पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी फार पूर्वीच ओळखला होता.

स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात १८८१ साली जन्मलेल्या फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा १९०१ मध्ये ते सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खोल जखमांवर तीव्र जंतुनाशके उपकारापेक्षा अपकारच अधिक करतात, हे त्यांनी दाखवून दिले. सप्टेंबर १९२८ मध्ये जंतूंच्या एका बशीत बुरशी वाढलेली आणि तिच्याभोवतीचे जंतू नष्ट झालेले त्यांना दिसले. ते द्रव्य शुद्ध करणे मात्र त्यांना साधले नाही. ते कार्य ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांनी तडीस नेले. १९४५ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले.

त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. तो घसा दुखतो म्हणून स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो; न मेलेले जंतू औषधाला सरावतात; तेच पत्नीला जडतात आणि तिच्यावर औषध निष्फळ ठरून ती दगावते.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी निवर्तले. त्याच वर्षी ताथवड्याजवळच्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात, पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. दुर्मिळ औषध सामान्यांच्या आवाक्यात आले. परंतु त्यासोबत यावयाचा संयम आला नाही. यांतील अनेक औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे. तथापि घरातील कपाटावर कोणत्याही कायद्याची नजर पोहोचत नाही. साध्या सर्दीच्या विषाणूवर ही औषधे चालत नाहीत, एवढे जरी शिक्षकांनी वर्गात आणि सुशिक्षितांनी घरात बिंबविले, तरी त्या काल्पनिक गृहस्थाची कथा आपल्या घरी खरी होण्याचे टळेल.