सेवेचा वसा : रमाबाई रानडे

प्रस्तावना

घरातील वृद्ध किंवा आजारी माणसाची देखभाल पूर्वी घरातच होत असे. आता कुटुंबे लहान झाली आहेत. मुले नोकरीनिमित्त दूर जातात. त्यामुळे पुणे-मुंबईत काय किंवा बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या नव्या वसाहतीत काय, शुश्रूषागृहांची आणि वृद्धांसाठी चालवल्या जाणाऱ्या सेवागृहांची गरज वाढली आहे. शुश्रूषागृहालाच आपण व्यवहारात नर्सिंग होम म्हणतो. आपले माणूस तेथे ठेवून आपण घरी परततो, तेव्हा दोन प्रश्न मनात येतात. त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती त्या कामात तयार झालेली आहे का? आणि ती शुश्रूषा नीट होते की नाही, हे कोणी जाऊन पाहते का? हे दोन्ही प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुण्यातील एका विधवा स्त्रीने आपले मानले. त्या स्त्रीचे, रमाबाई रानडे यांचे, चरित्र या पाठात आपण वाचणार आहोत.

मूळ पाठ

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. मुलींना लिहायला-वाचायला शिकवणे त्या काळी अशुभ मानले जाई. त्यामुळे यमुनेला अक्षरओळखही नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. तरीही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. यावरून समाजात त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु लग्न होताच त्यांनी आपल्या बालपत्नीच्या हाती पाटी दिली.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला, कामाचा बोजा असे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. त्यांनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. मराठीनंतर त्या इंग्रजी शिकल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे, या मागणीसाठी त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. १८८४ साली ती शाळा सुरू झाली. तीच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आली.

रानडे ज्या सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक होते, त्या पुण्यातील संस्थेचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल या इंग्रज परिचारिकेशी पत्रव्यवहार होता. नाइटिंगेल १८५४ साली अडतीस परिचारिकांसह इस्तंबूलजवळील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक मरत होते. १८५५ च्या वसंतात एका सरकारी आरोग्य समितीने इमारतीची पाहणी केली. तुंबलेली गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे आकडेवारीचा अभ्यास केल्यावर नाइटिंगेल यांना कळून चुकले, की केवळ मायेने रोगी वाचत नाही; रुग्णालय स्वतःच रोगाचे घर झालेले असू शकते आणि ते पाहण्यासाठी बाहेरची डोळस नजर लागते. १८६० साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा काढली. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्यासाठी त्यांनी पुष्कळ वर्षे लेखणी झिजवली.

आपल्याकडे मात्र रोग्याची सेवा हे हलके काम समजले जाई. परक्याचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे, रात्री जागरणासाठी घराबाहेर राहणे या गोष्टी कुलीन स्त्रीला अशोभनीय मानल्या जात. त्यामुळे रुग्णालयांतील परिचारिका बहुधा युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा हिंदी ख्रिस्ती असत. आपल्या जातीचे, आपली रीतभात जाणणारे तेथे कोणी नाही, म्हणून लोक, विशेषतः स्त्रिया, रुग्णालयाची पायरी चढायला भीत. १८९६-९७ च्या प्लेगात ही भीती फार वाढली. त्या साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना १८९७ साली मृत्यू आला. अशी उदाहरणे थोडी होती. सेवेला समाजात प्रतिष्ठा नव्हती, आणि प्रतिष्ठा नव्हती म्हणून शिकून-सवरून ते काम करणाऱ्या स्त्रियाही मिळत नव्हत्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या. जवळजवळ वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र त्यांनी आपले सारे आयुष्य स्त्रियांच्या कामाला वाहिले. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढण्याचे योजले, तेव्हा त्याची धुरा त्यांनी रमाबाईंकडे सोपवली. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्याचे सेवासदन सुरू झाले. त्याची सुरुवात रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी या कामात त्यांना मोलाची साथ दिली.

सेवासदनात शिवण, विणकाम, अध्यापन असे अनेक वर्ग होते. परंतु खरी कसोटी होती ती परिचारिका वर्गाची. सेवासदनाच्या मुली आणि विधवा स्त्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांच्या राहण्यासाठी वसतिगृह निघाले. तेथे शिस्त होती, सोबत होती आणि पाठीशी रमाबाईंचे नाव होते. ज्या घरचे लोक मुलीला रुग्णालयात पाठवायला कचरत, ते रमाबाईंकडे पाहून तिला पाठवायला धजावले.

एका समारंभातील प्रसंग त्यांच्याविषयी नेहमी सांगितला जातो. बक्षीस घेण्यासाठी एक केशवपन केलेली विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील काही तरुणांनी तिची टर उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या सुशिक्षित तरुणांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बहीण, मावशी किंवा आई असेलच, याची आठवण त्यांनी करून दिली. सभागृह स्तब्ध झाले. स्वतःच्या वाट्याचे टोमणे निमूट सोसणाऱ्या रमाबाईंनी दुसरीचा अपमान मात्र सोसला नाही.

रमाबाई केवळ संस्थेत बसून राहिल्या नाहीत. ज्या जागी माणसे दृष्टीआड होतात, त्या जागी त्या नेमाने जात. कारागृहाच्या स्त्रीविभागात जाऊन त्या कैदी स्त्रियांशी बोलत. सुधारशाळेतील मुलांना खाऊ देत. रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे, फुले, पुस्तके देत. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीला जात आणि यात्रेकरू स्त्रियांची सेवा करीत. उतारवयातही हा नेम त्यांनी मोडला नाही.

या भेटी म्हणजे सरकारी तपासणी नव्हती. कोणाला जाब विचारण्यासाठी त्या जात नव्हत्या. तरीही त्यांचे मोल मोठे होते. जो खाटेवर पडून आहे, तो उठून तक्रार करू शकत नाही. भिंतीआड असलेल्याचा आवाज बाहेर पोहोचत नाही. अशा माणसाला भेटायला कोणीतरी नेमाने येते, त्याची विचारपूस करते, एवढ्यानेही त्याची अवस्था जगासमोर राहते.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत पुणे सेवासदनाच्या वर्गांतून हजाराहून अधिक स्त्रिया शिकून गेल्या होत्या. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक मराठी आत्मचरित्रात मानाचे स्थान मिळवून आहे. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी, १९४९ साली, मुंबई प्रांतात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. महाराष्ट्रात तो आजही लागू आहे. शुश्रूषागृहात प्रशिक्षित परिचारिकांचे योग्य प्रमाण असले पाहिजे, असे तो सांगतो. अधिकाऱ्यांना आत जाऊन तपासणी करण्याचा अधिकारही देतो. कर्नाटकात २००७ च्या कायद्याने खाजगी वैद्यकीय संस्थांना नोंदणी आवश्यक झाली. परंतु तपासनीस वर्षातून एखाद्या दिवशी येणार. उरलेले दिवस रोगी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणारे हात एवढेच तेथे असतात. त्या हातांना शिक्षण आणि मान मिळावा, म्हणून रमाबाईंनी आयुष्य वेचले. आणि जाऊन पाहण्याचे काम केवळ अधिकाऱ्याचे नसते, ते तुमचे-आमचेही असते, हे त्यांनी स्वतःच्या पायांनी चालून दाखवले.

शब्दार्थ

वसा – नेमाने पाळायचे व्रत
शुश्रूषा – रोग्याची सेवा
धुरा – जबाबदारी
धजावणे – धैर्य करणे
टर उडवणे – थट्टा करणे
केशवपन – विधवेचे केस काढण्याची जुनी रूढी

स्वाध्याय

१. परिचारिकेचे काम त्या काळी हलके का मानले जाई?
२. स्कुटारीच्या रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण कशामुळे कमी झाले?
३. समारंभातील प्रसंगातून रमाबाईंच्या स्वभावाचे कोणते दोन पैलू दिसतात?
४. रमाबाईंच्या भेटी आणि सरकारी तपासणी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या रुग्णालयाला किंवा वृद्धाश्रमाला भेट द्या. तेथील स्वच्छता, जेवण आणि सेवकांची वागणूक यांविषयी दहा ओळी लिहा.